कांडे सरांची सुनावणी

लातुरात एखाद्या दिवशी नळाला पाणी येणार नाही, पण सर कुठेही मिळतील. चौकातल्या फलकावर सर, रिक्षाच्या पाठीवर सर, रसवंतीच्या पडद्यावरही सर. कोट चढवून, हाताची घडी घालून, कुणावर तरी रागावल्यासारखे उभे. फिजिक्सचे वेगळे, केमिस्ट्रीचे वेगळे. आडनाव आणि त्याला चिकटलेलं ‘सर’, एवढ्यावर या गावात माणसाची ओळख पटते. पहिलं नाव त्यांच्या बायकांना तरी आठवतं की नाही, कोण जाणे.

विशाखा सोनकांबळे अशाच सरांच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. फलकावर ती नव्हती. मॅडमच्या फोटोला ॲडमिशन येत नाहीत असं मालकांचं म्हणणं, आणि मालकांशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शिकवायला मात्र ती कडक होती. चारातला बरोबर पर्याय निवडा, चुकलात तर एक गुण वजा, हा तिचा रोजचा धंदा. चुकीचं उत्तर दिसलं की तिच्या कपाळाची शीर उठायची. पोरं आपसात म्हणायची, मॅडमला शिव्या द्या एक वेळ, पण चूक दाखवू नका.

त्या शिरेचं मूळ जुनं होतं. भूकंप झाला तेव्हा विशाखा तिसरीत होती. तेरणा नदीच्या अंगाचं त्यांचं उमरदरा पहाटेच्या झोपेत जे खाली बसलं ते परत उठलंच नाही. तिच्या आत्याचा, भामाबाईचा नवरा व्यंकटराव दगडमातीखाली गेला. पुढे नव्या गावठाणात घरं वाटायची वेळ आली, तेव्हा यादीत भामाबाईच्या जागी ‘मामाबाई’ पडलेलं. कुणा कारकुनाची ‘भ’ला गाठ मारायची राहून गेली होती. मामाबाई नावाची बाई अख्ख्या पंचक्रोशीत नव्हती, म्हणून तिचं घर कुणाला देता येईना. भामाबाई यादीत नव्हती, म्हणून तिलाही देता येईना. आत्या वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिली. “साहेब, मीच ती,” म्हणायची. “मग मामाबाई कोण?” असं साहेब विचारायचे. नव्या गावाच्या शेवटच्या गल्लीत मामाबाईचं घर अजून कुलूप घालून उभं आहे. आत्या मात्र भावाच्या घरात, मागच्या खोलीत राहिली. विशाखा त्याच खोलीत पाढे पाठ करत मोठी झाली, आणि चुकीचं लिहिणाऱ्या माणसाबद्दलचा राग तिच्या हाडीमाशी खिळला.

त्या शनिवारी आत्याचा फोन आला. आत्या फोनवर नेहमी पलीकडच्या शिवारात हाक मारल्यासारखी बोलायची.

“इशाखे, चिंच चालली बघ. दसरा झाला की कुऱ्हाड लावनार हायत.”

“कुठली चिंच?”

“कुठली म्हंजे? तुझ्या सरांची!”

हे सर म्हणजे एक पाखरू. तीन वर्षांपूर्वी जुन्या गावठाणातल्या उंच चिंचेवर विशाखानं त्याचं घरटं पहिल्यांदा पाहिलं होतं. अंग काळं, उन्हात पंखांवर हिरवी-जांभळी झाक, पाय लाल, आणि मान मात्र पांढरीशुभ्र, लोकरीची मफलर गुंडाळावी तशी. करकोच्याची ही दुर्मीळ होत चाललेली जात. नाव कांडेसर. तिनं आत्याला नाव सांगितलं, तर आत्यानं विचारलं, “कुठल्या किलासचे?” आणि खरंच, सोयाबीनच्या रानात ते पाखरू एकेक पाऊल जपून टाकत, मान खाली घालून असं फिरायचं, की परीक्षेत कॉपी पकडायला निघालेले सरच वाटावेत. तेव्हापासून आत्याच्या तोंडी ते ‘सर’च झाले.

विशाखाच्या लहानपणी उमरदऱ्यात ही पाखरं नव्हती. भूकंपानंतर जुन्या जागेवर दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी तेवढ्या राहिल्या. तिकडे कुणी फिरकेना, झाडाला कुणी दगड मारेना, जळणाला फांदीही तोडेना. मग ही जोडी आली आणि दर पावसाळ्यात त्याच चिंचेवर घर करू लागली. माणसं उठली तिथं पाखरं बसली. यंदा घरट्यात तीन पिल्लं होती, आणि दिवाळी उलटल्याशिवाय ती उडणार नव्हती.

रविवारी विशाखा पहिल्या एसटीनं गावात गेली ती थेट सरपंच गुरुबसप्पांच्या ओट्यावर. गुरुबसप्पा माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. त्यानं चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, “ताई, गावात अभ्यासिका पायजे म्हनून माईकवर कोन बोललं? तुमीच ना? सव्वीस जानेवारीला. मी टाळ्या वाजिवल्या. आता गावठाणातली झाडं इकून पत्रे, टेबलं, पंखे करून राहिलो, तर तुमीच आडव्या येताव?”

“झाड विकून करा असं मी म्हणाले नव्हते.”

“मग काय इकायचं? इकायसारखं दुसरं काय हाय गावात? तुमच्या भावाची पोर, सिंधु, कुठं बसून वाचती माहीत हाय का? शेळ्यांपाशी.”

विशाखाला ते माहीत होतं. तिनं चहाचा कप खाली ठेवला. “निदान पिल्लं उडेपर्यंत थांबा. आणि ती दरवर्षी त्याच झाडावर येतात हो.”

“ठेकेदार थांबत न्हाई. गुऱ्हाळं लागली की त्याला जळण पायजे. आन् पाखराचं काय, ते जाईल दुसऱ्या झाडावर.”

“भूकंपानंतर तुम्ही दुसऱ्या घरात गेलात. किती वर्षं झोप लागली नाही तुम्हाला?”

गुरुबसप्पानं रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाला, “ते येगळं.”

आता सरकारी दारं वाजवणं आलं. सोमवारचा तास दुसऱ्याच्या गळ्यात घालून विशाखा जंगल खात्याच्या एका कचेरीत गेली. तिथले साहेब सुशिक्षित होते, हसतमुख होते आणि हातात मोबाइल होता. त्यांनी तिच्यासमोरच पक्ष्याचं नाव शोधलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अहो मॅडम, तुमचा पक्षी तर सुधारलाय! आधी ‘असुरक्षित’ होता, आता नुसता ‘संकटसमीप’. जागतिक दर्जा सुधारलाय, पेढे वाटा!”

“तो सगळ्या जगाचा हिशेब झाला. लोकांनी शेताशेतांत जाऊन नीट मोजणी केली, तेव्हा वाटले होते त्याहून जास्त निघाले. आमच्या चिंचेवर एकच जोडी आहे.”

“पण धोका कमी झाला ना?”

“ताप उतरला म्हणून पेशंटच्या अंगाखालची खाट विकायची का, साहेब?”

साहेब खळखळून हसले. वाक्य छान आहे, म्हणाले. मग म्हणाले की गावठाणाची जमीन त्यांच्या खात्याची नाही, तेव्हा महसूलकडे अर्ज द्यावा. विशाखा जिना उतरली तेव्हा तिला रडायला येत होतं, पण ती रडली नाही, फक्त रिक्षावाल्याशी विनाकारण भांडली. वर्गात ती स्वतःच शिकवायची की दर्जा सुधारणं ही चांगली गोष्ट. इथं त्या चांगल्या गोष्टीनंच झाडावर कुऱ्हाड आणली होती. पाखरू मरायला टेकलं असतं तर कदाचित कुणी उठलं असतं. जरा सावरलंय म्हटल्यावर सगळे आपापल्या खुर्चीत मागे रेलले.

महसूलच्या कचेरीत तिनं अर्ज लिहिला तो रागाच्या भरात, त्यामुळे भाषा जरा चढली. ‘उमरदरा येथील जुन्या गावठाणात कांडेसर सहकुटुंब, तीन लहानग्यांसह राहत असून त्यांचे घर उद्ध्वस्त होण्याच्या मार्गावर आहे,’ अशी सुरुवात. खाली पक्षी, करकोचा, जागतिक दर्जा सगळं नीट लिहिलं होतं. पण अर्ज तिसऱ्या ओळीच्या खाली वाचायची रीत कुठल्या कचेरीत असते?

दोन दिवसांनी फोन आला. आवाज कारकुनाचा. नाव शेषेराव.

“मॅडम, नोंद घेऊन राहिलो. ते कांडे सर मूळ कुठले?”

“कांडे सर नाही हो, कांडेसर! पक्षी आहे तो, पक्षी!”

“कुठल्या पक्षाचे?” शेषेरावांचा आवाज एकदम अदबशीर झाला. “अरारा, आधी न्हाई का सांगायचं!” आणि फोन बंद.

विशाखानं परत लावला, तर लागेना. दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली, तर शेषेराव मीटिंगला गेलेले. तिसऱ्या खेपेला एकदाचे भेटले. तिला बघून उठून उभेच राहिले. “झालं तुमचं काम. सरांचं म्हटल्यावर मी थांबवीन का? माझा पोरगा लातुरातच शिकून राहिलाय.”

“अहो, पण ते सर नाहीत. करकोचा आहे. तो उडतो. हे बघा चित्र.”

शेषेरावांनी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचं पाणी जरा उतरलं. पण मग त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, “मॅडम, वर गेलं ते. साहेबांची सही झाली. आता खोडलं तर खाडाखोड दिसते, आन् खाडाखोड दिसली की चौकशी लागते. माझी रिटायरमेंट जवळ आलीय.”

“म्हणजे चूक कळली तरी दुरुस्त करणार नाही?”

“चूक लिहिली की ती कागदाची होती, मॅडम. आपली राहत न्हाई.”

विशाखाला वाटलं, हाच तो. तीस वर्षांपूर्वी ‘भ’ला गाठ न मारणारा हाच. तो नव्हता, हे तिला कळत होतं. पण तिच्या हातांना धरायला कुणाची तरी गचांडी हवी होती.

दसऱ्यानंतर ठेकेदाराची माणसं करवत घेऊन जुन्या गावठाणात आली, तेव्हा चिंचेच्या बुंध्यावर नोटीस डकवलेली. या जागेवर श्री. कांडे सर सहकुटुंब राहत असल्याचं निदर्शनास आल्यानं सुनावणी होईपर्यंत जागा आणि झाड ‘जैसे थे’ ठेवावं. माणसांनी इकडेतिकडे बघितलं. दगड, बाभळी, वर एक घरटं. पण शिक्का खरा होता. ठेकेदारानं कपाळाला हात लावला आणि टेम्पो वळवला.

आत्याचा फोन आला तो आनंदानं ओरडत. विशाखा संध्याकाळच्या गाडीनं गावात गेली ती मात्र तणतणतच.

“उद्याच जाते आणि हे दुरुस्त करून आणते. झाड वाचायचं तर खऱ्यावर वाचू दे. हा काय पोरखेळ आहे?”

“गप बस,” आत्या म्हणाली.

“आत्या, चूक आहे ती! एक अक्षर चुकलं की काय होतं, हे तुझ्याहून जास्त कुणाला माहीत आहे?”

“म्हनूनच म्हनते, गप बस.” आणि आत्या भाकरी थापायला उठली.

विशाखा गप्प बसली, पण तिला ते बसणं झेपेना. गावात तर वेगळीच हवा पसरली. लातूरचे कुणी मोठे सर जुन्या गावठाणात फुकट शिकवायला येणार म्हणून बाया तिला एसटी स्टँडवर गाठून विचारू लागल्या. तिनं प्रत्येकीला सांगितलं, ते पाखरू आहे. बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. मॅडमला आपल्यापेक्षा मोठा सर खपत नाही, असं एकीनं मागं म्हटलेलं तिच्या कानावर आलं. नाकापेक्षा मोती जड!

दिवाळीच्या जरा आधी सुनावणी लागली. पिल्लं तेव्हा घरट्याच्या कडेवर उभी राहून नुसते पंख मारायला शिकली होती. विशाखानं पर्समध्ये पाखराचे फोटो घेतले होते. सगळं खरं सांगायचं, साहेब शिकलेले आहेत, समजून घेतील, असं तिनं ठरवलं होतं. साहेब नुकतेच बदलून आले होते, आणि त्यांच्या दोन्ही मुली लातुरात क्लासला होत्या.

“कांडे सर कोण?” साहेबांनी विचारलं. “गैरहजर का?”

विशाखा उठणार, तोच गुरुबसप्पा उठला. “साहेब, माफी असावी. कांडे सर म्हंजे मानूस न्हाई. पाखरू हाय ते.”

साहेबांनी चष्मा काढला. “सरपंच, शिकवणाऱ्या माणसाला पाखरू म्हणता?”

“तसं न्हाई, साहेब. खरंच पाखरू. झाडावर राहतंय. लाल पायाचं, काळं...”

“आता रंगावर आलात?” साहेबांचा आवाज चढला. “एक माणूस उघड्यावर, झाडाखाली राहून खेड्यातल्या मुलांना शिकवतो, आणि तुम्ही गावचे सरपंच त्याची टिंगल करता? लाज वाटली पाहिजे. बसा खाली.”

गुरुबसप्पा घामाघूम झाला. त्यानं विशाखाकडे बघितलं. “ताई, सांगा की! तुमी तरी सांगा!”

विशाखाचा हात पर्समध्ये होता, फोटोंवर. बाहेर काढले की एका मिनिटाचं काम. मग साहेब हसतील, ‘जैसे थे’ उठेल, आणि उद्या सकाळी करवत. पिल्लांना अजून नुसते पंख मारता येत होते. आयुष्यभर चुकीला एक गुण वजा करत आलेल्या त्या बाईनं पर्सची चेन ओढून घेतली.

“मॅडम, अर्जदार तुम्ही. सर का आले नाहीत?”

“रानात गेलेत, साहेब. लेकरांना खायला आणायचं असतं.”

“शेतीही करतात?”

“दिवसभर शेतातच असतात.”

“आणि बॅच किती मुलांची?”

“तिघांची.”

“तिघांचीच!” साहेब शेषेरावांकडे वळले. “बघा. खरा शिकवणारा गर्दी करत नाही. विषय कुठला?”

“जीवशास्त्र.”

“किती वर्षं झाली त्यांना इथं?”

“भूकंपानंतर आले. पावसाळ्यात येतात, पुढे थंडीत जातात.”

एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी तिच्या तोंडाला कडू जहर चव आली होती. शेषेराव खाली मान घालून लिहीत होते. पुढच्या तारखेला कांडे सरांनी जातीनं हजर राहावं, तोवर ‘जैसे थे’, असं साहेबांनी सांगितलं. वर तिला हळूच विचारलं, धाकटीला सरांकडे घेता येईल का.

बाहेर टपरीवर गुरुबसप्पा डोक्याला हात लावून बसला होता. “ताई, मी खरं बोललो, आन् झाडलं मलाच.”

“मी महिनाभर खरंच बोलत होते, सरपंच.”

“ते जाऊ द्या. पोरांनी कुठं बसायचं, ते सांगा.”

 विशाखाकडे या प्रश्नाला चारातला एकही पर्याय नव्हता. गुरुबसप्पानं चहा अर्धाच ठेवला आणि तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला. तो रागावला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

ऊन कलताना ती जुन्या गावठाणात पोचली. आत्या चिंचेखाली एका दगडावर बसली होती. तो दगड म्हणजे व्यंकटरावांच्या घराचा उंबरा, एवढाच काय तो शिल्लक. विशाखा तिच्याशेजारी धपकन बसली आणि तिचा बांध फुटला.

“तीन ठिकाणी खरं सांगितलं, आत्या. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि कुणी बोट हलवलं नाही. खोटं एकदाच लिहिलं गेलं, तर त्याला शिक्का, सही, सुनावणी! मग मी पोरांना बरोबर उत्तर कशाला शिकवते? आणि पुढच्या तारखेला काय सांगू?”

“सर आले न्हाईत म्हन.”

“आणि त्याच्या पुढच्या?”

“न्हाई आले म्हन.” आत्या चिंचेच्या शेंड्याकडे बघत बोलत होती. “मला म्हनायचे, मामाबाईला घेऊन या. लई वरसं म्हनले. कुठून आनू? आली का ती? न्हाई आली. पन तिचं घर कुनाला दिलं का? न्हाई दिलं. पाडलं का? हात लावायची छाती न्हाई कुनाची. कुलूप तसंच हाय, भिंतीला तडा बी न्हाई. मी रोज तिथून जाते, बघते. नाव चुकलेल्या घराला, इशाखे, सरकारबी हात लावत न्हाई.”

विशाखाला आता उलगडलं. गप बस म्हणताना आत्याला हे ठाऊक होतं. तीस वर्षं एका कुलपासमोरून जाता-येता ती हे शिकली होती, आणि हे ज्ञान तिच्या स्वतःच्या कामाला कधीच आलं नव्हतं.

“माझं नाव चुकलं, माझं घर गेलं,” आत्या म्हणाली. “ह्यांचं चुकलं, ह्यांचं ऱ्हायलं. ऱ्हाऊ दे.”

 वर घरट्यात एकदम खडखडाट झाला. तिन्ही पिल्लं माना ताणून चोची वाजवायला लागली. तेरणेच्या बाजूनं मोठे काळे पंख पसरून पांढऱ्या मानेचं पाखरू संथ उतरत होतं. भामाबाईनं लगबगीनं डोक्यावरचा पदर सावरला.

“ऊठ,” ती म्हणाली. “सर आले.”

आणि विशाखा उठून उभी राहिली.